घरचं फॉन्डंट की पाकिटातलं?

हिंगोली

चि. सोनू,


तुझा फोन आला तेव्हा मी दोन ऑर्डरींच्या मधे होते, म्हणून धड बोलता आलं नाही. फोनवर बोललेलं विसरलंही जातं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू विचारलंस, बारशाच्या दोन मजली केकवर लाटून चढवायचं साखरेचं फॉन्डंट घरी करू की विकत आणू? आणि लगेच स्वतःच म्हणालीस, "घरीच करते मावशी, कार्डावर 'सगळं घरचं' छापलंय ना."

त्या दोन शब्दांवरच मला आधी बोलायचं आहे. फॉन्डंट नंतर.

धंद्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे नर्सीच्या बाजूच्या एका घरातून नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर आली. आजोबा माळकरी, आषाढीची वारी कधी न चुकवलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, अंडं नाही ना? मी छातीठोक सांगितलं, नाही, माझा सगळाच माल बिनअंड्याचा. त्या केकवरचं फॉन्डंट मी घरी केलं होतं. मार्शमॅलो वितळवायचे, त्यात पिठीसाखर मळायची, ही घरगुती फॉन्डंटची सगळ्यांत सोपी रीत, आजही बहुतेक मुली तिथूनच सुरुवात करतात. केक देखणा झाला. आजोबांनी स्वतःच्या हाताने नातवाला भरवला आणि एक तुकडा आपणही खाल्ला.

चार महिन्यांनी मार्शमॅलोचं नवं पाकीट फोडताना सहज मागची बारीक अक्षरं वाचली. जिलेटिन. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात हे मला तेव्हा माहीत होतं, पण ते मार्शमॅलोत असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. रात्रभर झोप नाही. तुझे काका म्हणाले, आता कशाला सांगायला जातेस, त्यांना काय कळणार आहे. मी दुसऱ्या दिवशी गेले. आजोबा ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, गळ्यातल्या माळेवर नुसता हात ठेवला, आणि बराच वेळ गप्प राहून एवढंच विचारलं, "अजून कोणाकोणाच्या घरी गेला?"

घरी येऊन ऑर्डरींची वही काढली. सात घरं निघाली. सातही ठिकाणी जाऊन सांगितलं. दोन घरांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून सांगते, घरचं म्हणजे शुद्ध, आणि पाकिटातलं म्हणजे भेसळीचं, ही समजूत आधी डोक्यातून काढ. माझ्या घरच्या फॉन्डंटमध्ये जे होतं ते त्या आजोबांना चालणारं नव्हतं, आणि त्याच वेळी दुकानात मिळणाऱ्या हिरव्या ठिपक्याच्या पाकिटातलं त्यांना चाललं असतं. आता शाकाहारी फॉन्डंट सहज मिळतं, त्यात जिलेटिनऐवजी वनस्पतींचे डिंक असतात. आपला जिल्हा संत नामदेवांचा. इथे केक खाणाऱ्या घरात एक तरी माळकरी असतोच असं धरून चाल. प्रत्येक वेळी पाकीट उलटं करून ठिपका बघ आणि घटकांची यादी वाच, ओळखीचा दुकानदार असला तरी. सुटं जिलेटिन घरात आणूच नकोस.

आता तुझा प्रश्न. बारशाच्या केकसाठी पांढरं फॉन्डंट विकत आण. हा माझा निकाल आहे, आणि कारण तुझा हात कच्चा आहे एवढंच नाही. कारण तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली आहे. तुमच्या सेनगावला त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. कोरड्या हवेत लाटलेली पोळी केकवर चढवेपर्यंत वरून सुकते आणि कडांना हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. पंख्याखाली तर आणखी लवकर. कारखान्याच्या फॉन्डंटमध्ये डिंक, ग्लिसरीन, स्निग्धांश यांचं प्रमाण दर वेळी तेच असतं, त्यामुळे ते थोडा वेळ जास्त देतं. घरचं प्रत्येक घाण्याला वेगळं होतं. दुसऱ्याच्या घरचं बारसं ही तुझ्या शिकण्याची जागा नव्हे.

सहा इंची, चार इंच उंच मजल्याला साधारण अर्धा किलो लागतं, आठ इंचीला पाऊण किलोच्या वर. थोडं जास्तच घे. काळा आणि गडद लाल लागणार असेल तर तयार रंगीतच आण. पांढऱ्यात तेवढा जेल कलर घातला तर गोळा चिकट आणि कडवट होतो. फिकट रंग मात्र स्वतः मळ. पिवळ्यासाठी आपली वसमतची हळद वापरू का, असं विचारत होतीस. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे, पण केकवर नको. वासही येतो, आणि उजेडात हळदीचा रंग उडतो. वाळत घातलेलं हळदीचं कापड कसं फिकं पडतं ते तू पाहिलंयस.

खाली व्हिप क्रीम असेल तर वर फॉन्डंट चढवूच नकोस. क्रीममधलं पाणी साखर ओढून घेते आणि पोळी आतून विरघळत जाते. खाली गनाश घे, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. गनाशही उन्हात सैल होतं, म्हणून केक सूर्य कलल्यावरच घरातून बाहेर काढ. फॉन्डंट चढवलेला केक फ्रिजमधून थेट गरम हवेत आणलास तर त्याला घाम फुटतो, डाग पडतात. बाहेर काढल्यावर खोका बंदच ठेव आणि घाम आला तर बोट लावू नकोस, आपोआप सुकू दे.

मग घरी कधीच करायचं नाही का? करायचं. करायलाच हवं, कारण साखर हाताला कळल्याशिवाय पाकिटातलं फॉन्डंटही तुझं ऐकणार नाही. तुझी आजी संक्रांतीचा हलवा करायची ते आठवतं? पहाटेच्या थंडीत, मंद शेगडीवर, परातीत थेंब थेंब पाक सोडत, हाताने फिरवत. ऊन चढलं की उठून जायची, म्हणायची आता काटा येणार नाही. तिला हवा कळत होती. हलव्याचे दागिने, पाडव्याच्या गाठी, रुखवतातली साखरेची कामं, हे सगळं आपल्या बायकांनी मोजमापाच्या कपांशिवाय केलंय. फॉन्डंट हा शब्द फ्रेंच, वितळणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला, पण साखरेला हवेप्रमाणे वागवायचं हे काही आपल्याला नवीन नाही.

घरी करताना चायना ग्रासचं कर. अर्धा किलो आयसिंग शुगर, दोनदा चाळलेली. मिक्सरवर दळलेली पिठीसाखर चालत नाही, कणी राहते आणि लाटताना पोळी फाटते. चायना ग्रासची पूड एक चमचा, पाव कप पाण्यात. जिलेटिनसारखी ती नुसत्या कोमट पाण्यात विरघळत नाही, तिला उकळी फुटावीच लागते. त्यात दोन मोठे चमचे लिक्विड ग्लुकोज, एक चमचा ग्लिसरीन, एक चमचा वनस्पती तूप. ग्लुकोजमुळे साखरेचे खडे होत नाहीत, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. ग्लिसरीन खाण्याच्या दर्जाचं, वनस्पतीजन्य असं लिहिलेलंच घे. औषधाच्या दुकानातली त्वचेला लावायची बाटली नव्हे. मिश्रण गरम असतानाच साखरेत ओत आणि घाई कर, कारण चायना ग्रास चाळीस अंशांच्या खाली येता येता घट्ट होऊ लागतं. उशीर केलास तर पांढऱ्या गोळ्यात पारदर्शक गुठळ्या दिसतील. पण एकदा बसलं की पंच्याऐंशी अंशांपर्यंत ते परत वितळत नाही. जिलेटिन पस्तीसच्या आसपासच ढिलं पडतं. आपल्या उन्हाळ्याला कोणतं बरं, ते तूच बघ. गोळ्याला तुपाचा हात लावून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ, हवाबंद डब्यात रात्रभर बाहेरच ठेव, आणि सकाळी पुन्हा मळ.

पहिल्या दहा घाण्यांची फुलं कर, पानं कर, बाळाचे बूट कर. त्यात थोडी सीएमसी पावडर मळलीस की ती कडक वाळतात. ती घरातल्यांच्या केकवर लाव. त्यानंतर बघू.

पुण्याच्या प्राची धबल देब यांचं काम तू पाहिलं असशील, मिलानच्या कॅथीड्रलची शंभर किलोंची साखरेची प्रतिकृती. ती ज्या रॉयल आयसिंगची, ते मूळचं अंड्याच्या पांढऱ्याचं. त्या ही कला इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या, आणि आपल्याकडे अंडं न खाणारे किती आहेत हे ओळखून बिनअंड्याचं रॉयल आयसिंग तयार केलं. तेही एका भारतीय कंपनीबरोबर बसून. पाकिटातलं वापरल्याने त्यांचा हात कुठे उणा पडला? खाणाऱ्याचा विचार आधी केला, मग माल कुठून आणायचा ते ठरवलं. तो क्रम मला फार आवडतो.

पैशांचं थोडक्यात. घरचं स्वस्त पडतं, पण मळण्याचे दोन तास धरलेस तर फारसं नाही. ते तास तू धरत नाहीस, ही तुझी जुनी खोड आहे. धर.

आणि कार्ड. 'सगळं घरचं' हे काढून टाक. नवीन छाप, त्यावर 'बिनअंड्याचं, बिनजिलेटिनचं' असं लिही, पण प्रत्येक पाकिटाची यादी स्वतः वाचल्यावरच. बारशाच्या घरीही सांग की स्पंज आणि गनाश माझ्या हातचं आहे, वरचं पांढरं विकतचं आहे, शाकाहारी आहे. पाकीट मागितलं तर दाखव. सांगितल्याने ऑर्डर जाईल अशी भीती वाटत असेल तर जाऊ दे.

चायना ग्रास आणि आयसिंग शुगर मी आणून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी सातच्या आत ये, ऊन चढायच्या आधी पहिला घाणा मळून होईल. येताना तुझ्याकडची सगळी पाकिटं, उघडलेली आणि न उघडलेली, पिशवीत घालून आण. आधी ती वाचू.

तुझी,
मावशी