ठोका ऐकू का येत नाही?

आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आठवड्यावर आले असताना एक विद्यार्थी संगणकावर स्वतः बांधलेली नाचाची धून घेऊन माझ्याकडे आला. धून झकास होती. पण ज्यावर पावले टाकायची तो ठोकाच ऐकू येत नव्हता. "सर, ठोका वाढवला तर आवाज फाटतो, नाही वाढवला तर बुडतो. करू तरी काय?" प्रश्न संगीताचा दिसतो, पण त्याचे उत्तर आपल्या भौतिकीच्या पुस्तकात आहे.

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात मुख्य ठोका असतो किक ड्रमचा. त्याची मूळ वारंवारता साधारण ५० ते ६० हर्ट्झ. त्याच वेळी खाली बेसचा खर्ज चालू असतो आणि त्याचीही वारंवारता याच परिसरात असते. आपल्या अंतर्कर्णातील पडद्याचा कोणता भाग थरथरणार हे वारंवारतेवर ठरते. वारंवारता जवळजवळच्या असल्या की दोन्ही आवाज जवळपास एकाच भागाला हलवतात आणि जोरकस आवाज दुबळ्याला झाकून टाकतो.

मग ठोका वाढवला तर आवाज फाटतो का? येथे तरंगांच्या अध्यारोपणाचा नियम आठवा. १६ बिटच्या ध्वनिमुद्रणात कोणत्याही क्षणी मोठ्यात मोठा आकडा ३२,७६७ एवढाच लिहिता येतो. समजा, ठोक्याचे शिखर २०,००० आणि बेसचेही २०,००० आहे. दोन्ही शिखरे एका क्षणी आली की बेरीज होते ४०,०००. एवढा आकडा मावत नाही, म्हणून तरंगाचा माथा सपाट कापला जातो. हा कापलेला माथाच कानाला फाटका लागतो.

तेव्हा ठोका वाढवू नका, त्या क्षणापुरता बेस उतरवा! रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचे संगीत हळू होते आणि तो थांबला की पुन्हा वर येते, हे तुम्ही ऐकलेच असेल. हे काम आपोआप करणाऱ्या साधनाला कॉम्प्रेसर म्हणतात. साध्या कॉम्प्रेसरमध्ये आवाज स्वतःच स्वतःला आवरतो: ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की दाबला जातो. साइडचेनमध्ये मात्र मोजायचा आवाज वेगळा आणि दाबायचा वेगळा. मोजणाऱ्या वाटेवर किक ड्रम जोडायचा आणि दाबणाऱ्या वाटेवर बेस. म्हणजे किक ड्रम हा नळावरचा हात झाला आणि बेस हे नळातले पाणी.

आता हिशेब करू. ठरवलेली पातळी ठोक्याच्या शिखराच्या १२ डेसिबेल खाली आहे आणि प्रमाण ४:१ आहे. वरच्या १२ डेसिबेलपैकी चौथा हिस्सा, म्हणजे ३ डेसिबेल राहू द्यायचे. उरलेल्या ९ डेसिबेलची कपात बेसवर करायची. ९ डेसिबेल कमी म्हणजे आयाम सुमारे ०.३५ पट. बेसचे २०,००० झाले ७,००० आणि एकूण बेरीज २७,०००. ठोका तसूभरही न वाढवता ऐकू येतो आणि माथाही शाबूत राहतो.

खरी गंमत वेळेच्या हिशेबात आहे, आणि बहुतेक जण येथेच फसतात. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. बेस काही मिलिसेकंदांत खाली यावा आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी, समजा २०० मिलिसेकंदांत, परत वर चढावा. आमच्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात हा परतीचा वेळ ५ मिलिसेकंद ठेवला आणि आवाज पुन्हा खरखरू लागला! कारण पाहा. ५० हर्ट्झच्या तरंगाचा आवर्तकाल २० मिलिसेकंद असतो आणि एका आवर्तनात त्याला दोन टोके येतात, एक वर व एक खाली. कॉम्प्रेसर दोन्ही टोके मोजतो. तो एवढा चपळ झाला की ठोक्याचा एकंदर चढउतार सोडून सुट्या टोकांमागे धावतो आणि सेकंदाला १०० वेळा बेस दाबतो व सोडतो. बेस ६० हर्ट्झचा असेल तर बेरीज-वजाबाकीने १६० आणि ४० हर्ट्झचे नवेच सूर जन्माला येतात. ते कोणी वाजवलेले नसतात. परतीचा वेळ १८० मिलिसेकंदांवर नेताच खरखर गेली. उलट तो अर्ध्या सेकंदाहून बराच जास्त झाला, तर बेस वर यायच्या आतच पुढचा ठोका पडतो आणि सगळी धून मरगळते.

काही संगीतकारांनी तर ही युक्ती लपवण्याऐवजी मिरवली. फ्रान्सच्या डाफ्ट पंक या जोडीचे २००० सालचे 'वन मोअर टाइम' किंवा स्वीडनच्या एरिक प्रिड्झचे २००४ सालचे 'कॉल ऑन मी' ऐका. प्रत्येक ठोक्यागणिक मागचे संगीत श्वास घेतल्यासारखे खालीवर होते. मला स्वतःला तो श्वास थोडा अति वाटतो. माझ्या विद्यार्थ्यांना मुळीच वाटत नाही.

प्रयोग करून पाहायचा असेल तर ऑडॅसिटी हा संगणक-प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यात ६० हर्ट्झचा सूर तयार करा. त्याच्या लगेच खालच्या पट्टीवर, टेबलावर सेकंदाला एकदा मूठ आपटून केलेले ध्वनिमुद्रण ठेवा. मग वरची पट्टी निवडून 'ऑटो डक' चालवा. त्यातला जास्तीत जास्त विरामाचा आकडा ०.३ सेकंदापर्यंत आणि चढउताराचे वेळ त्याहूनही कमी करा, नाहीतर सूर एकदा खाली गेला की वर यायचा नाही. ऐकताना मात्र हेडफोन लावा. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ६० हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, आणि तुम्ही उगीच कॉम्प्रेसरला दोष द्याल.