पहिली पेंढी आणि शेताचा कोपरा
(प्राचीन इब्री लोकांच्या जीवनांत धान्याचें स्थान)



दिवाळी उलटली म्हणजे आपल्या खापर गांवाच्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याशीं, ज्वारीचीं कणसें भरूं लागतात. बांधावर शेकोटी पेटते, कोंवळीं कणसें भाजलीं जातात आणि हुरड्याचा वास दूरवर पसरतो. हा हुरडा खातांना तुमच्यापैकीं कोणाच्या मनांत असें आलें आहे काय, कीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडच्या एका देशांत शेतकऱ्यांचीं मुलें असेंच भाजलेलें कोंवळें धान्य खात असत? ज्या पवित्र शास्त्राचे पाठ आपण शाळेंत शिकतों, त्याचीं कितीतरी पानें शेत, खळें आणि जातें यांनीं भरलेलीं आहेत.

इब्री माणसाला धान्य हें केवळ पोट भरण्याचें साधन वाटत नसे. पेरणीपासून भाकरीपर्यंत प्रत्येक पायरीवर त्याच्या नियमशास्त्रानें त्याला एकच प्रश्न विचारला आहे: हें धान्य कोणाचें? या प्रश्नाचें उत्तर हाच आपल्या आजच्या पाठाचा विषय होय.

पाऊस, पेरणी व कापणी

प्रथम एक घोटाळा दूर करूं. आपल्या मराठी पवित्र शास्त्रांत आगोटीचा पाऊस व वळवाचा पाऊस असे शब्द येतात. आपल्याकडे आगोट लागते ती मृग नक्षत्राच्या सुमारास. त्यामुळें वाचणारा मुलगा तेथील पेरणीचें चित्र ज्येष्ठांत नेऊन ठेवतो. परंतु कनान देशाचा उन्हाळा अगदीं कोरडा असतो. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, आपल्या कार्तिकाच्या सुमारास येतो. त्यानें तापलेली जमीन मऊ होते आणि मग नांगर चालतो. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलांत येतो आणि त्यावर दाणा भरतो. प्रथम सातू, ज्याला आपण जवही म्हणतों, कापणीस येतो व त्यानंतर गहूं. म्हणजे तीं पिकें आपल्या रब्बीसारखीं होत. मिसर देशाला नाईल नदीचा आधार होता. कनानाला तसा नव्हता. अनुवादाच्या अकराव्या अध्यायांत हाच भेद सांगितला आहे. इब्री शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे लागलेली असे, ती केवळ भक्तीनें नव्हे, गरजेनेंही.

त्यांचें पंचांगसुद्धां शेताचेंच होतें. १९०८ सालीं गेजेर येथें उत्खनन चाललें असतां मॅकॅलिस्टर या संशोधकास चुनखडीची एक लहानशी पाटी सांपडली. ती ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तिच्यावर सात ओळींत वर्षाचे बारा महिने कामांवरून मोजले आहेत: दोन महिने पीक गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस तोडण्याचा, एक सातूच्या कापणीचा, एक कापणी व मापणीचा, दोन द्राक्षवेलींचे आणि एक उन्हाळी फळांचा. कित्येक विद्वानांच्या मतें हा एखाद्या विद्यार्थ्यानें गिरविलेला धडा असावा. तसें असेल, तर पाटीवर धडा लिहिणारा तो मुलगा तुमचाच एक वर्गबंधु होय!

भाषेंतही धान्य भरलेलें आहे. बेथलेहेम या नांवाचा अर्थ भाकरीचें घर. शिब्बोलेथ म्हणजे कणीस. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावर शत्रु ओळखण्याकरितां हाच शब्द उच्चारावयास लावीत. ज्याला श म्हणतां येत नसे, तो पकडला जाई.

खळ्यावर

गांवाबाहेर, वारा मोकळा वाहील अशा जागीं खळें असे. बैल पेंढ्यांवरून फिरत, अथवा खालीं दगडी दांते बसविलेली फळी ओढीत. मग वारा सुटला म्हणजे उपणणी होई. दाणा पायाशीं पडे आणि भूस उडून जाई. न्याय म्हणजे काय हें लोकांस समजावून सांगतांना संदेष्टे व स्तोत्रकर्ते यांस याहून सोपा दाखला सांपडला नाहीं.

या खळ्यावर एक लहानसा नियम होता. मळणीच्या बैलाला मुसकें घालूं नये, असें अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. ज्यानें श्रम केले त्याला त्या श्रमांतला घास मिळालाच पाहिजे, मग तो मुका प्राणी कां असेना. पुढें प्रेषित पौलानें हाच नियम मनुष्यांस लावून दाखविला.

यरुशलेमाचें मंदिर कोठें उभें राहिलें, हें तुम्हांस ठाऊक आहे काय? अरवना नांवाच्या मनुष्याच्या खळ्यावर. तो ती जागा दावीद राजास फुकट देत होता. परंतु ज्याला आपल्याला कांहींच मोल पडलें नाहीं तें देवाला अर्पण करणें दावीदानें नाकारलें, आणि पन्नास शेकेल रुपें मोजून तें खळें व बैल विकत घेतले. पुढें तेथेंच शलमोनानें मंदिर बांधलें.

पहिली पेंढी देवाची

सातूची कापणी सुरू झाली म्हणजे पहिली पेंढी याजकाकडे न्यावयाची. ती परमेश्वरापुढें ओवाळली जाईपर्यंत नव्या धान्याची भाकर, भाजलेले दाणे किंवा हिरवीं कणसें यांपैकीं कांहींही खावयाचें नाहीं, अशी आज्ञा लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत आहे. त्यानंतर पन्नासाव्या दिवशीं नव्या पिठाच्या दोन भाकरी अर्पण करीत. हाच सप्ताहांचा सण. यालाच आपण पेंटेकॉस्ट म्हणतों.

ही आज्ञा पाळणें सोपें नव्हतें. कापणीच्या तोंडाशीं कणगीचा तळ दिसूं लागलेला असतो. घरांत मुलें भुकेलेलीं, आणि शेत मात्र पिकून उभें. अशा वेळीं पहिला घास स्वतःच्या तोंडांत न घालतां देवापुढें ठेवणें म्हणजे, हें मी केलें नाहीं, मला दिलें गेलें, असें उपाशी पोटीं कबूल करणें होय. आपल्या भागांतील लोकांस ही गोष्ट नवखी वाटणार नाहीं. नवें पीक देवाला दाखविल्यावांचून खाऊं नये, ही रीत आपल्या आदिवासी बांधवांतही आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास सीमेपलीकडील देवमोगरा येथें याहा मोगीच्या यात्रेस जाणारे लोक टोपलींत नवें धान्य घेऊन जातात. श्रद्धा वेगळ्या असल्या, तरी नव्या दाण्यापुढें मनुष्याचें मस्तक सर्वत्रच लवतें.

नियमशास्त्रानें गरिबासही वगळलें नाहीं. ज्याला पापार्पणासाठीं कोंकरूं किंवा कबुतरें घेण्याचीही ऐपत नसे, त्यानें एफाचा दहावा हिस्सा पीठ आणावें, आणि तेंही पूर्ण अर्पण समजलें जाई. मूठभर पीठ देवाच्या दारीं कमी मोलाचें ठरलें नाहीं.

शेताचा कोपरा गरिबाचा

आतां दुसरा वाटा. कापणी करतांना शेताचा कोपरा कापूं नये, खालीं पडलेलीं कणसें पुन्हां वेचूं नयेत, आणि शेतांत विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊं नये. तीं उपऱ्याचीं, पोरक्यांचीं व विधवांचीं. हा कोपरा केवढा असावा, याविषयीं मिश्ना या यहूदी ग्रंथांत असें ठरविलें आहे, कीं तो शेताच्या साठाव्या हिश्श्याहून कमी असूं नये.

या नियमाचें चालतें बोलतें चित्र म्हणजे रूथची गोष्ट. रूथ परदेशी, विधवा आणि निर्धन होती. सासूला पोसण्याकरितां ती बवाजाच्या शेतांत सरवा वेचावयास गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेचून, झोडून तिनें सुमारें एक एफा सातू घरीं नेला. एफा म्हणजे अदमासें बावीस लिटर. गहूं व सातू यांची कापणी संपेपर्यंत ती वेचीत राहिली. पुढें याच रूथच्या वंशांत दावीद राजा झाला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील वंशावळींत प्रभु येशूच्या पूर्वजांतही तिचें नांव आहे.

आपल्या गांवगाड्यांत बलुत्याची पद्धति होती, हें वडील मंडळींस ठाऊक आहे. सुगीच्या वेळीं सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. इब्री कोपऱ्याचें तिच्याशीं साम्य आहे, पण भेदही मोठा आहे. बलुतें हा केलेल्या कामाचा मोबदला होता. कोपरा मात्र अशा माणसाचा होता, ज्याचें शेतकऱ्यावर कोणतेंच देणें नव्हतें. शिवाय ती भीक नव्हती. मालकानें दारांत उभें करून ओंजळभर घालावयाचें नाहीं. गरिबानें आपल्या हातानें वेचावयाचें आणि ताठ मानेनें घरीं न्यावयाचें. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. हक्क मर्जीवर नसतो. या एका नियमांत गरिबाचें पोटही राखलें गेलें आणि त्याचा मानही.

जातें आणि माप

धान्य घरीं आलें, तरी प्रश्न संपला नाहीं. कर्जापोटीं कोणाचें जातें किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊं नये, असें नियमशास्त्र सांगतें. कारण तें त्या माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखें आहे. ज्या घरांत पेरणीकरितां उसनें बियाणें आणावें लागतें आणि सुगी होतांच तें वाढ्यासह फेडावें लागतें, त्या घराला या आज्ञेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

लोक या आज्ञा नेहमीं पाळीत होते, असें मात्र समजूं नका. आमोस संदेष्ट्याच्या काळीं व्यापारी माप लहान करीत, वजन मोठें करीत, गव्हांत गाळ मिसळून विकीत, आणि शब्बाथ केव्हां संपेल याची वाट पाहात. आमोसानें त्यांस भर लोकांत सुनावलें. नहेम्याच्या काळीं दुष्काळांत धान्यासाठीं लोकांनीं शेतें, द्राक्षमळे आणि घरें गहाण टाकलीं. कित्येकांचीं मुलें दास्यांत गेलीं. तेव्हां नहेम्यानें सावकारांस सभेंत उभें करून शेतें परत करावयास लावलीं. नियम कागदावर असला म्हणजे पुरत नाहीं. त्याची आठवण करून देणारा निर्भय मनुष्यही लागतो.

आपल्या महाराष्ट्रांतील इब्री वंश

हा सर्व इतिहास परदेशांतला, असें कोणास वाटेल. परंतु इब्री वंशाचे लोक कित्येक शतकें आपल्या कोंकणांत राहिले आणि मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली. हे बेने इस्राएल लोक होत. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगांव येथें जहाज फुटून किनाऱ्यास लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं, अशी त्यांची परंपरा सांगते. गांवोगांव ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, केहीमकर हीं त्यांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलीं. डॉ. जॉन विल्सन या मिशनऱ्यानें १८३२ सालीं मराठींतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यावेळीं मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांचीं मुलेंही शिकत असत. १९४८ नंतर या समाजांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत जाऊन राहिलीं. तरी कांहीं अजून मुंबई, ठाणें व रायगड या भागांत आहेत.

कोंकणांत त्यांस गहूं व सातू यांऐवजीं तांदूळ मिळाला. दीर्घकाळ त्यांच्यापाशीं धर्मग्रंथही नव्हते. तरी त्यांच्या जुन्या सणांत खिरीचा सण होता. त्यांत नव्या धान्याची खीर करीत. नवस फेडतांना किंवा मंगलकार्यांत ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरें, साखर आणि सभोंवतीं फळें. त्या ताटासमोर एलीया संदेष्ट्याची आठवण केली जाते. याच एलीयाला दुष्काळांत सारफथच्या विधवेनें आपल्या मडक्यांतल्या शेवटच्या मूठभर पिठाची भाकर करून दिली होती. देश बदलला, धान्य बदललें, भाषा बदलली. परंतु धान्य देवापुढें ठेवून मग वांटून खाण्याची रीत राहिली.

समारोप

प्रभु येशू ख्रिस्त याच लोकांत वाढला. पांच हजारांस त्यानें जेवूं घातलें, तेव्हां एका मुलाजवळ ज्या पांच भाकरी होत्या त्या सातूच्या, म्हणजे गरिबाच्या भाकरी होत्या. आणि सर्वजण तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून त्यानें गोळा करविले. आपल्या शिष्यांस त्यानें प्रार्थना शिकविली, तींत रोजच्या भाकरीची विनंति आहे. ती विनंति माझी भाकर अशी नाहीं. आमची भाकर अशी आहे. त्या एका शब्दांत पहिली पेंढीही आली आणि शेताचा कोपराही आला.

तेव्हां हें धान्य कोणाचें, या प्रश्नाचें इब्री उत्तर असें: पहिली पेंढी देवाची, कोपरा गरिबाचा, बैलाचा घास बैलाचा, आणि उरलेलें आपलें. या क्रमानें जें उरतें, तेंच खरोखर आपलें असतें. आज पुष्कळ शेतांत कापणी यंत्रानें होते आणि सरवा वेचणारे हात दिसत नाहींत. म्हणून कोपरा कोठें ठेवावयाचा, हें आतां प्रत्येकानें आपल्या घरीं, आपल्या दुकानीं, आपल्या ताटांत ठरवावयाचें आहे.

घरीं करावयाचा अभ्यास

१. रूथच्या दुसऱ्या अध्यायांत बवाज आपल्या गड्यांस मुद्दाम कांहीं करावयास सांगतो. तें काय, आणि तें रूथला न कळूं देण्यांत त्याचा हेतु काय असावा?

२. आपल्या घरीं पूर्वीं खळ्यावर कोणाकोणास धान्याचा वाटा मिळत असे, हें आजी-आजोबांस विचारून लिहून आणा.

३. एक आठवडा आपल्या घरीं किंवा वसतिगृहांत किती भाकरी वायां गेल्या, त्या मोजा. मोजून झाल्यावर काय करावयाचें, तें कोणी सांगण्याची वाट पाहूं नका.