मामाला कैद कर, मारू नको

बाळा, घरातले म्हणतात पोरगं दिवसभर कॉम्प्युटरवर माणसं मारतंय. मी तुझ्या शेजारी बसून बघितलंय. क्रुसेडर किंग्जमध्ये तुझा निम्मा वेळ कुणाला मारू आणि कुणाला जगू देऊ याच विचारात जातो. हा विचार मोठ्या माणसांनाही अवघड गेलाय, आणि त्यातली कितीतरी माणसं आपल्याच मुलखात वावरली. म्हणून चुलता या नात्याने चार गोष्टी कानात घालतो. खेळ बंद कर असं मी सांगणार नाही.

आधी सुपं लक्षात ठेव. बारामतीच्या वाटेवरचं सुपं, जिथून तू एसटीने गेलायस. 1656 च्या सुमारास तिथला कारभार संभाजी मोहित्यांकडे होता. ते तुकाबाईंचे भाऊ, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. परगणा शहाजीराजांचा, पण मामा भाच्याचं ऐकेनात. सभासद बखर सांगते, महाराज शिमग्याची पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायला म्हणून गेले आणि मामाला धरलं. सुपं घेतलं, घोडी घेतली, आणि मामाला जिवंत शहाजीराजांकडे कर्नाटकात धाडून दिलं. सणाच्या दिवशी नातेवाइकाला पकडणं हे कठोरच. पण हवं होतं ते ठाणं, मामाचा जीव त्यासाठी लागणार नव्हता, म्हणून घेतला नाही.

तुझ्या खेळात हाच डाव रोज येतो. चुलता, मामा, सावत्र भाऊ एखादं ठाणं दाबून बसतो. तू लगेच खुनाचा कट रचतोस, कारण तो स्वस्त वाटतो. तसं करू नको. आधी त्याने काही गुन्हा केलाय का बघ, तुझ्याकडे त्याला धरायला कारण आहे का बघ. विनाकारण धरलंस तर जुलूम चढतो आणि बाकीचे सरदार बिथरतात. शिवाय पकड फसली तर तो बंड करून उठतो, म्हणून फौज आधी तयार ठेव. कैदेत आला की त्याच्याकडून गादीवरचा हक्क सोडवून घे आणि मोकळं कर, नाहीतर खंडणी घे. आपल्या रक्ताचा माणूस मारलास आणि ते उघडकीला आलं, तर तुझ्या राजाला आप्तघाताचा डाग लागतो आणि तो मरेपर्यंत पुसत नाही.

आता तू म्हणशील, त्याच साली जावळीत काय झालं? झालं, आणि ते झाकायचं नाही. जानेवारी 1656 मध्ये जावळी घेतली, चंद्रराव मोऱ्यांचं घराणं संपलं. बोलणी करायच्या निमित्ताने माणूस पाठवून मारल्याचं सभासदच लिहितो, इतर साधनं तपशील निराळा देतात. रक्त मात्र सांडलं याबद्दल कुणाचं दुमत नाही. मला विचारशील तर जावळी आणि सुपं शेजारी ठेवून बघावं. जावळी म्हणजे कोकणात उतरायच्या घाटवाटा. ती शत्रूच्या बाजूने राहिली असती तर तिथे प्रतापगड उभा राहिला नसता, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखान ज्या रानात अडकला ते रान आपलं नसतं. सुप्यात तसली निकड नव्हती. एकच राजा, एकच साल, दोन निराळे निर्णय. म्हणून कट रचण्याआधी स्वतःला विचार: हा माणूस जिवंत राहिला तर माझं नेमकं काय अडतं? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर तुला फक्त राग आलाय.

तुझ्या राजाचा स्वभावही बघत जा. दयाळू राजाकडून डोकी उडवून घेतलीस तर त्याच्यावर ताण चढतो, मग तो दारूला लागतो नाहीतर आजारी पडतो. खेळ बनवणाऱ्यांनी ही गोष्ट फार जाणतेपणाने घातलीय. धाकाचंही तसंच. दोन-चार कैदी मारले की सरदार काही वर्षं गप्प बसतात, पण धाक आपोआप उतरत जातो आणि तो टिकवायला पुन्हा माणसं मारावी लागतात. धाकावर एका राजाची हयात निघते. त्याचं पोर गादीवर येतं तेव्हा धाक शून्य असतो आणि वैर मात्र वारशाने आलेलं असतं.

काका-पुतण्याचा विषय माझ्याकडून निघणारच. आपल्या इंदापुरात मालोजीराजे लढाईत पडले तेव्हा शहाजीराजे लहान होते. चुलते विठोजीराजे होते, त्यांनी पुतण्यांना सांभाळलं. तिथून पुढे काय घडलं ते तुला ठाऊक आहे. दुसरा काका रघुनाथराव. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला आणि पद सोडलं. रघुनाथरावांच्या विरोधात कारभारी एकत्र आले, त्यांनाच बारभाई म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, 18 एप्रिल 1774 ला त्यांना मुलगा झाला आणि गादी त्या तान्ह्याची झाली. रघुनाथराव गेले इंग्रजांकडे, 1775 मध्ये सुरतेचा तह केला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत लढाई चालली. घरातल्या एका खुनाने इंग्रज घरात आणला. वारसाला मारायचा विचार आला की आधी त्याच्यामागे रांगेत कोण आहे ते बघ. दरबारातले कोण कोण त्या दिवशी तुला सोडून जातील त्यांची नावं कागदावर लिही. मी अजूनही वहीत लिहितो.

शहर जिंकल्यावर काय करायचं? मेडिव्हल टू टोटल वॉरमध्ये तीन बटणं येतात: नुसतं ताब्यात घे, लूट, नाहीतर कत्तल कर. कत्तलीत पैसा मिळतो आणि बंडाची भीती कमी होते, म्हणून हात तिकडे जातो. पण माणसंच उरली नाहीत तर पुढल्या साली कर कोण देणार? आपण ऊस तोडतो तेव्हा खोडवा ठेवतो, मुळं उपटत नाही. 1630 च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, त्याच काळात मोठा दुष्काळ पडला. नंतर हा मुलूख पुन्हा लावायला दादोजी कोंडदेवांच्या कारभारात इस्ताव्याचा कौल द्यावा लागला. म्हणजे पहिल्या साली नाममात्र सारा, मग दर साली थोडा वाढवत नेऊन काही वर्षांनी पूर्ण. तू स्ट्राँगहोल्डमध्ये कर हाच हिशोब धरून लाव. आधी कर शून्य, धान्य भरपूर, लोक खुशीत. मग हळूहळू चढव.

आणि लूट आपल्या माणसांनी केली असली तरी तिला लूटच म्हणायचं. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1740 च्या दशकात बंगालवर वर्षानुवर्षं चालून गेल्या. ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. तिथल्या आया लेकरांना निजवताना अजून त्यांचं नाव घेतात. हे ऐकून मला आत कुठेतरी लागतं, आणि लागावं असंच मला वाटतं. पलीकडची बाजूही बघ. 1744 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने रघूजींचे सेनापती भास्करपंत यांना भेटीला बोलावून दग्याने मारलं. पुढच्याच साली रघूजी स्वतः चालून आले, आणि 1751 मध्ये खानाला ओडिशा सोडून वर 12 लाखांची चौथ कबूल करावी लागली. भेटीला आलेल्या माणसाला तुझ्या खेळात कधीच मारू नको. नंतर तुझ्याशी तह करायला कुणी येत नाही.

एज ऑफ एम्पायर्समध्ये शेवटी शेवटी तू आपलेच शेतकरी डिलीट करतोस, दोनशेच्या मर्यादेत सैनिक बसवायला. डावाच्या दृष्टीने ते बरोबर असतं. फक्त सगळे एकदम काढू नको, सोनं संपलं की धान्य आणि लाकडावरच फौज चालते.

हरण्याचा निर्णय सगळ्यात जड. 1665 मध्ये मोगलांच्या मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला आणि आसपासची गावं जाळायला फौजा सोडल्या. किल्ला लढवताना मुरारबाजी पडले. महाराजांनी 23 किल्ले देऊन टाकले, 12 ठेवले. 1670 मध्ये दिलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा लढायला माणसं शिल्लक होती. तू मात्र एक ठाणं वाचवायला सगळी फौज कापून घेतोस. तह कर. कुठली ठाणी सोडायची ते लढाई चालू असतानाच ठरवून ठेव.

क्रुसेडर किंग्ज आयर्नमॅनवर लाव. त्यात मागे जाऊन दुसरं उत्तर निवडता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी हात थांबतो. आणि आत्याची पोरं सुट्टीत आली की चौघांत डाव मांडता, त्याचं वेगळं सांगतो. कॉम्प्युटरच्या राजाला फसवलंस तर तो खेळाचा भाग. पण धाकट्याला तू ‘तुझ्यावर चाल करणार नाही’ असा शब्द दिलास, तर डाव संपेपर्यंत चाल करायची नाही. करायचीच असेल तर आधी त्याला सांग, त्याला तट बांधायला वेळ दे, आणि मग चाल कर.