बॅग भरायच्या आधी

पालकहो,

परीक्षा संपल्या की घरोघरी माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. कुणी बँकॉकला निघतं, कुणी सिंगापूरला, कुणाची लेक शिकायला अमेरिकेला. पासपोर्ट, व्हिसा, औषधं, भाकरवडीचे पुडे, सगळं आपण दोनदोनदा तपासतो. मी वीस वर्षं विमानात केबिन क्रू म्हणून काम केलं आणि दोन मुलं वाढवली. त्या दोन्ही नात्यांनी आज तुमच्याशी बोलते आहे.

मुंबईकडे येणारं रात्रीचं विमान होतं. दिवे मंद केलेले, बहुतेक प्रवासी झोपलेले. मागच्या टॉयलेटमधला धुराचा अलार्म वाजला. मी दार ठोठावलं, तर आतून सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बाहेर आला. चेहरा घामाने डबडबलेला, हातात बोटभर लांबीची रंगीत वस्तू, आणि आंब्याचा गोड वास. "मॅम, ही सिगारेट नाही, नुसती वाफ आहे," तो म्हणाला. आणखी आहे का, असं मी विचारल्यावर त्याचे डोळे भरून आले. "एक मोठ्या बॅगेत आहे, मोज्यात. आईला दिसू नये म्हणून तिथे ठेवली. प्लीज, आईला सांगू नका."

मोठी बॅग म्हणजे आमच्या पायाखाली, सामानाच्या कप्प्यात. उतरायला अजून दोन तास होते. मी लगेच कॅप्टनना कळवलं. ते दोन तास सुखरूप गेले, पण माझ्या नोकरीतले ते सर्वांत लांब दोन तास होते.

इतकं घाबरायचं काय, असं तुम्हाला वाटेल. ई-सिगारेट, मुलांच्या भाषेत 'व्हेप', म्हणजे एक लिथियम बॅटरी, एक तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला द्रव. बॅगेत दाबली जाऊन ती आपोआप सुरू झाली किंवा बॅटरीत बिघाड झाला, तर ती तापत जाते आणि पेट घेते. केबिनमध्ये असं झालं तर धूर दिसतो, आम्ही धावतो, आग विझवतो, पाणी ओतून ती वस्तू थंड करतो. खालच्या कप्प्यात पोहोचणारं कुणी नसतं. तिथे आग दाबणारा वायू सोडायची सोय असते, पण पेटलेली लिथियम बॅटरी त्याने शांत होईलच असं नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्ये या वस्तू चेक-इन बॅगेत ठेवायला जगभर बंदी घातली आणि विमानात त्या चार्ज करायलाही मनाई केली.

आणि 'नुसती वाफ' म्हणाल, तर ती पाण्याची वाफ नव्हे. तिच्यात ग्लिसरीन, ग्लायकोल आणि निकोटिनचे सूक्ष्म कण असतात. टॉयलेटमधलं धूरशोधक यंत्र ते कण ओळखतं. ते यंत्र तिथे बसवण्यामागे माणसांचे जीव गेलेले आहेत. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसला आलेल्या विमानाच्या मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली आणि १२३ माणसं गेली. कचऱ्याच्या डब्यात पडलेल्या पेटत्या सिगारेटची शक्यता चौकशीत पुढे आली. २०१८ मध्ये तर हाँगकाँगहून निघालेल्या एका विमानात सहवैमानिकानेच कॉकपिटमध्ये ई-सिगारेट ओढली. तिचा वास केबिनमध्ये जाऊ नये म्हणून पंखा बंद करताना भलतंच बटण दाबलं गेलं, हवेचा दाब घटला आणि विमान तातडीने हजारो फूट खाली आणावं लागलं. तोही काहीतरी लपवतच होता.

कायद्याचंही सांगते. आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण, सगळ्याला बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिंगापूरमध्ये २०१८ पासून ती नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. थायलंडमध्ये २०१४ पासून ती देशात आणायला बंदी आहे. अमेरिकेत एकवीस वर्षांवरच्यांना ती दुकानात मिळते. त्यामुळे तिथे शिकणाऱ्या मुलांना सुट्टीत पुण्याला येताना खिशातली ती वस्तू इथे बेकायदा ठरते, याचं भानच राहत नाही.

आता मुद्द्याचं. ती वस्तू मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी का गेली? विमानतळावरच्या पोलिसांच्या भीतीने नव्हे, आईच्या भीतीने. घरात जी जागा आपल्या नजरेपासून सर्वांत सुरक्षित, तीच विमानात सर्वांत धोक्याची. उतरल्यावर त्या आईला सगळं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "त्याच्या हातात सापडली ती हातातल्या बॅगेत मीच ठेवली होती. मला पेनड्राइव्ह वाटला."

म्हणून बॅग भरायच्या आदल्या रात्री नव्हे, आठ-दहा दिवस आधी मुलाजवळ बसा. झडती घेऊ नका. "तुझ्या वर्गात कुणी व्हेप ओढतं का?" इथून सुरुवात करा. "असेल तर आत्ता सांग, मी ओरडणार नाही," असं म्हणालात, तर खरंच ओरडू नका. तो शब्द एकदा मोडला की पुढचं काही कानावर येणार नाही.

त्याने वस्तू हातात दिलीच, तर ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. बॅटरी तिथेही पेटू शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. आणि एवढ्यावर विषय संपला असं समजू नका. वाढत्या वयात मेंदू निकोटिनला फार लवकर बांधला जातो. सवय लागलेल्या मुलाला आठ-दहा तासांच्या प्रवासात चिडचिड, अस्वस्थता, डोकेदुखी होते. टॉयलेटकडे त्याचे पाय वळतात ते त्यामुळे. तो उद्धटपणा नसतो, तलफ असते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथेही बोला.

तो मुलगा वाईट नव्हता. अलार्म वाजल्यावर त्याने मला सगळं खरं सांगितलं, तेही पहिल्याच प्रश्नाला. तो प्रश्न त्याला घरी कुणी विचारला नव्हता, एवढंच. पालकहो, तुम्ही विचारा. बॅगेची चेन लावायच्या आधी विचारा.