आधी हातोडा फोडा

विनोदी लिखाणावर ज्याचं पोट आहे त्याला एक फर्माईश हमखास येते. ‘पहिला भाग जरा जड झाला होता, आता दुसरा हलकाफुलका करून द्या.’ नाटक असो, मालिका असो किंवा वेब सिरीज, मागणारा बदलतो, मागणी तीच. अशा वेळी मी वाद घालत नाही. ‘थॉर: रॅग्नारॉक’ पाहिलाय का, एवढंच विचारतो.

मार्व्हलच्या थॉरचा हा तिसरा चित्रपट, २०१७ सालचा. पहिला २०११ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या केनेथ ब्रानाने केला. दुसरा, ‘द डार्क वर्ल्ड’, २०१३ मध्ये अ‍ॅलन टेलरने. तिसरा गेला न्यूझीलंडच्या टायका वायटिटीकडे. तोवर त्याने जे केलं होतं ते छोट्या बजेटचं होतं. त्यात एकाच घरात राहून भांडी कुणी घासायची यावरून भांडणाऱ्या व्हॅम्पायरांची एक गोष्टही होती. अशा माणसाच्या हाती देवांचं राज्य सोपवलं गेलं. दुसरा चित्रपट काही आपटला नव्हता, जगभरात त्याने साठ कोटी डॉलरच्या वर धंदा केला होता. अडचण पैशांची नव्हती. ख्रिस हेम्सवर्थने पुढे मुलाखतींत सांगितलं, की थॉर साकारण्याचा त्यालाच कंटाळा आला होता. तिसऱ्याने ८५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. माझं लक्ष त्या आकड्यापेक्षा कारागिरीवर असतं. हा चित्रपट बघत, दाखवत आणि त्यावरून भांडत जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. हलकं करायचं तर आधी काढून घ्या.

‘लाइट करा’ म्हटलं की नवखा लेखक प्रत्येक पानावर दोन पंच वाढवतो. वायटिटीने काय केलं ते बघा. गोष्ट नीट सुरू होते न होते तोच थॉरची बहीण हेला त्याचा हातोडा एका हाताने झेलते आणि त्याचा चुरा करते. त्याच्या आधी काही क्षणच बाप ओडिन गेलेला असतो. मग थॉर साकार नावाच्या उकिरडा-ग्रहावर जाऊन आदळतो, तिथे विकला जातो आणि त्याच्या मानेवर झटके देणारी चकती बसते. त्याचे लांब सोनेरी केसही कापले जातात, आणि कापणारा असतो खुद्द मार्व्हलचा स्टॅन ली. शेवटापर्यंत त्याचा एक डोळा जातो आणि ज्याचं राज्य त्याला मिळायचं तो अख्खा अ‍ॅसगार्ड देशही बेचिराख होतो. रॅग्नारॉक म्हणजे नॉर्स पुराणातला देवांचा विनाश. नावातच सगळं सांगून टाकलंय. तिन्हींतला सगळ्यात हसरा चित्रपट हा, आणि नायकाचं सर्वाधिक नुकसान होतं तेही यातच. हातोडा असताना थॉरला बोलायची गरज पडत नव्हती. तो गेला आणि त्याला थापा माराव्या लागल्या, विनवण्या कराव्या लागल्या, भाऊ लोकीशी तडजोड करावी लागली. हशा तिथून येतो.

२. टर दिमाखाची उडवावी, दुःखाची नाही.

पहिलाच प्रसंग आठवा. साखळीने बांधलेला थॉर सुर्टर राक्षसासमोर लोंबकळतोय. राक्षस जगबुडीची भविष्यवाणी ऐकवतोय आणि साखळी आपली हळूहळू गोल फिरतेय. थॉरची त्याच्याकडे पाठ होते. तो राक्षसाला सांगतो, जरा थांब, फिरून समोर येऊ दे. भविष्यवाणीचं गांभीर्य शाबूत राहतं. ती ऐकताना नायकाने जो रुबाब धरायला हवा होता, तेवढा मात्र जातो.

पुढे ओडिन मरतो नॉर्वेतल्या कड्यावर, समुद्राकडे बघत. तिथे एकही कोटी नाही. हा प्रसंग आधी न्यूयॉर्कच्या एका गल्लीत घडतो असं चित्रित झालं होतं, त्यात ओडिन बेघर म्हाताऱ्याच्या अवस्थेत होता. नंतर तो बदलून कड्यावर नेला. पुनर्चित्रणाचा खर्च वसूल झाला, असं म्हणण्यासारखे प्रसंग फार थोडे असतात. त्यांत हा धरायला हरकत नाही.

पण हेच पथ्य वायटिटीने शेवटी मोडलं. अ‍ॅसगार्ड डोळ्यांदेखत नष्ट होतंय, माणसं जहाजातून बघतायत, आणि दगडी कॉर्ग समजूत घालतो की पाया शिल्लक आहे तोवर पुन्हा बांधता येईल. पुढच्याच क्षणी पायाही उडतो. थिएटर हसतं. मला तो विनोद तेव्हा खटकला होता, आजही खटकतो. पाच सेकंद शांतता मिळाली असती तर त्या लोकांना आपलं घर गेल्याचं कळलं असतं, आणि आपल्यालाही.

तिथे ठिणगी पडली होती, भडका उडाला तो २०२२ च्या ‘थॉर: लव्ह अँड थंडर’मध्ये. थॉरची प्रेयसी जेन फॉस्टर हिला चौथ्या टप्प्यातला कर्करोग आहे, आणि पुन्हा जुळलेला हातोडा हाती धरला की तिचं उरलंसुरलं आयुष्य आणखी झरतंय. एवढी कडक कल्पना जेसन अ‍ॅरनच्या कॉमिक्समधून आयती मिळाली होती. खलनायक गॉरची मुलगी पहिल्याच दृश्यात वाळवंटात बापाच्या कुशीत मरते, आणि क्रिश्चन बेल ते असं करतो की गळा दाटून येतो. आणि मग? किंचाळणारे बोकड. एकदा हसू येतं, दुसऱ्यांदा ओठ हलतात, त्यानंतर त्या बोकडांची कीव येते. रुग्णालयातल्या खुर्चीतही जेनला विनोद करायला लावलेत. माणसं आजारपणात विनोद करतात हे खरंच आहे, आपल्या सगळ्यांच्या घरी करतात. पण ते भीती लपवायला करतात. त्या भीतीला इथे पुरेसा वेळच दिलेला नाही.

३. आपण विनोदी आहोत हे पात्राला कळता कामा नये.

ही गोष्ट नाटकवाल्यांना ठाऊक असते आणि तरी तिसाव्या प्रयोगानंतर नट ती विसरतो. ‘रॅग्नारॉक’मधला थॉर स्वतःला अजूनही पहिल्या चित्रपटातला राजपुत्र समजतो. तो खिडकीवर चेंडू फेकतो, चेंडू उलटा येऊन त्याच्याच तोंडावर बसतो, आणि तो आपला आब तसाच राखायला बघतो. हसतो ते आपण. ‘लव्ह अँड थंडर’मधला थॉर मात्र गंमत करायच्या तयारीनेच पडद्यावर येतो. नट तोच, दिग्दर्शक तोच, तरी हशा निम्म्यावर आला, कारण आता तो आपल्याला हसवायला निघाला होता.

४. हलक्या कापडाला जड अस्तर हवं.

हेला परत येते तेव्हा राजवाड्याच्या छतावर सुंदर चित्रं असतात: शांतता, मेजवान्या, डोक्यामागे प्रभावळ असलेला ओडिन. ती छत पाडते आणि खाली जुनी चित्रं निघतात. त्यांत लढाया आहेत, जिंकलेले प्रदेश आहेत, आणि बापाच्या शेजारी तीच आहे. हे सोनं आलं कुठून, असं ती विचारते. सुपरहिरोच्या धमाल चित्रपटात साम्राज्याच्या लुटीचा हिशेब मागितला जातो, तोही खलनायिकेच्या तोंडून. वायटिटीचे वडील माओरी. ज्यांच्या जमिनीवर दुसऱ्यांनी राज्य केलं त्या समाजात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न वेगळा शोधावा लागत नसणार, असं मला वाटतं. शेवटी अ‍ॅसगार्ड म्हणजे ती जागा नव्हे, तिथली माणसं, असं ठरतं आणि देवांचं राज्य निर्वासितांचं जहाज होऊन निघतं. इतकं वजन खाली असल्यामुळेच वर जेफ गोल्डब्लमला निळी लिपस्टिक लावून वाटेल तो पोरकटपणा करता येतो. अस्तर काढलं असतं तर नुसता फॅन्सी ड्रेस उरला असता.

५. अ‍ॅडिशन घ्यायची तर सांगाडा पक्का पाहिजे.

संवादांचा मोठा भाग सेटवर सुचत गेला, असं वायटिटीने अनेकदा सांगितलंय. समोरच्या आखाड्यात हल्क उतरतो आणि थॉर आनंदाने ओरडतो की हा माझा कामावरचा मित्र आहे. ती ओळ सेट पाहायला आलेल्या एका आजारी मुलाने सुचवली. ‘मेक अ विश’ संस्थेतर्फे तो आला होता. हेम्सवर्थनेच हा किस्सा सांगितला. कॉर्गचा आवाज वायटिटीने स्वतः दिला, न्यूझीलंडमधल्या बारच्या दाराशी उभ्या असणाऱ्या धिप्पाड, मवाळ बोलणाऱ्या पॉलिनेशियन माणसांच्या धाटणीत.

हे ऐकून आमची तरुण मंडळी खूश होतात: म्हणजे लिहायलाच नको! पण तसं नाही. ग्रेग पाकच्या ‘प्लॅनेट हल्क’ या कॉमिक्समधून आखाडा आला, वॉल्टर सायमन्सनच्या थॉर-कथांतून पुलावर एकटा लढणारा स्कर्ज आला, आणि तीन लेखकांनी त्यांची मोट बांधली. कोण कुठून कुठे जाणार, काय गमावणार हे ठरलेलं होतं. आपल्या कोकणातल्या दशावतारात पूर्वापार लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद रंगमंचावर उभं राहून बोलायचे. तिथला नट रात्रभर फिरकी घेऊ शकतो, कारण पहाटे कोण मरणार हे त्याला माहीत असतं.

६. बाहेरून लावलेलं ठिगळ दिसतंच.

‘रॅग्नारॉक’नंतर दोनच आठवड्यांनी, त्याच नोव्हेंबरात, ‘जस्टिस लीग’ आला. तोही हलका करण्यात आला होता. झॅक स्नायडर घरातल्या दुःखद घटनेमुळे बाजूला झाला, जॉस व्हेडनने बराच भाग नव्याने चित्रित केला आणि दोन तासांत सगळं बसवलं. तेव्हा हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या चित्रपटासाठी मिशी राखली होती आणि ती कापायची परवानगी नव्हती. म्हणून सुपरमॅनची मिशी संगणकावर पुसली. त्याच्या वरच्या ओठाकडे बघा, काय म्हणतोय याकडे लक्षच जात नाही. तिथले विनोदही त्या ओठासारखेच आहेत: मूळ चेहऱ्याचे नाहीत. २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली. तीही सैल आहे, पण निदान एका माणसाची आहे. काम अर्धं झाल्यावर ‘हलकं करा’ असा निरोप आला, तर मी आता मानधन वाढवून मागतो.

७. खासगी विनोद चालतो, पण त्याने रस्ता अडवू नये.

‘रॅग्नारॉक’मधल्या जहाजांची ‘कमोडोर’, ‘स्टेट्समन’ ही नावं होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या मोटारींची आहेत. चित्रीकरण क्वीन्सलँडमध्ये झालं. चित्रपट लागायच्या काही दिवस आधीच होल्डनचं तिथलं मोटारी बनवणं बंद पडलं होतं, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाच्या पोटात थोडं कालवलंही असेल. आपल्याला यातलं काही ठाऊक नसतं आणि काही अडतही नाही.

८. हसण्याचं भांडवल आधीच्या गांभीर्यात असतं.

थॉर-हल्कच्या झुंजीत हल्क थॉरला पायाला धरून डावी-उजवीकडे आपटतो, आणि वर बसलेला लोकी ताडकन उठून जल्लोष करतो. हिंदी खेळालाही तिथे शिट्ट्या पडल्या होत्या. कारण २०१२ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये त्याला स्वतःला हल्कने असंच आपटलं होतं आणि पाच वर्षं प्रेक्षक ते विसरला नव्हता. सुरुवातीच्या नाटकाचंही तसंच. लोकीने स्वतःच्या हौतात्म्यावर बसवलेलं नाटक गावकरी बघतायत, मॅट डेमन लोकी झालाय. त्यातला हशा दुसऱ्या चित्रपटातला तो ‘मृत्यू’ किती गंभीर चेहऱ्याने दाखवला होता यावर उभा आहे. ब्रानाने २०११ मध्ये जो भारदस्तपणा जमा करून ठेवला, तो वायटिटीने खर्च केला. ‘लव्ह अँड थंडर’च्या वेळी गल्ला रिकामा होता.

म्हणून जे पहिल्या भागाची थट्टा करतात त्यांच्यात मी सामील होत नाही. तुम्ही ‘रॅग्नारॉक’ पुन्हा लावणार असाल तर आदल्या दिवशी २०११ चा ‘थॉर’ जरूर पाहा. ‘डार्क वर्ल्ड’ पूर्ण बघायची सक्ती नाही. आईच्या अंत्यसंस्काराचा आणि लोकीच्या खोट्या मरणाचा, एवढे दोन प्रसंग पुरे.