आधी कागद, मग सही

आधुनिक भारतीय चित्रांचे लिलाव मुंबईत आता वर्षभर सुरू असतात. कोट्यवधींना गेलेल्या तैलचित्राची बातमी होते. त्याच कॅटलॉगमध्ये, बहुधा मागच्या पानांवर, मुद्राचित्रं म्हणजे प्रिंट्स असतात. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लिलावाआधीच्या प्रदर्शनांना मी जाते ती मुख्यतः त्यांच्यासाठी. थोर चित्रकाराच्या हातचं काम पगारदार माणसाच्या घरात येऊ शकतं, ते बहुतेक याच वाटेने. आजवरच्या पाहण्यातून जे पक्कं झालं ते सांगते.

१. प्रिंट म्हणजे नक्कल, हा समज आधी काढून टाका.

एखादं एचिंग कसं तयार होतं ते एकदा प्रत्यक्ष बघावं. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणचट थर द्यायचा, सुईने रेघ ओढून तो खरवडायचा, पत्रा आम्लात सोडायचा. रेघ जिथे उघडी पडली तिथे आम्ल धातू खातं. मग खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून दाबून काढायचं. कागद उचलला की चित्र पहिल्यांदा जगात येतं. त्याआधी ते कुठेही नव्हतं. पत्र्यावर होतं ते उलटं आणि शाईविना. मग नक्कल कशाची?

कागद तिरका धरून पाहिला तर शाईची रेघ किंचित उचललेली दिसते आणि चौफेर पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. हा दाब पाहायची सवय लागली की कॅटलॉगमधल्या गुळगुळीत फोटोवर समाधान होत नाही.

२. मुद्राचित्र म्हणूनच सुचलेलं चित्र शोधा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. आपल्याकडच्या लिलावांत प्रसिद्ध चित्रकारांची सेरिग्राफ भरपूर येतात. हुसेन आणि रझा यांची तर नेहमीच. त्यांतली बरीचशी आधी केलेल्या रंगचित्रावरून कुशल कारागिरांनी जाळीच्या पडद्यांतून छापलेली असतात आणि चित्रकाराने खाली सही केलेली असते. ती खोटी नाहीत, घरात सुंदरही दिसतात. पण त्यांतला विचार कॅनव्हासचा असतो; छपाईने तो फक्त पोचवलेला असतो.

त्याच किमतीच्या आसपास कधी कधी कृष्णा रेड्डींचं काम येतं. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले रेड्डी पुढे पॅरिसला मुद्राचित्रकार हेटरच्या ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत गेले. शिल्पकलेचं शिक्षण घेतलेला हा माणूस पत्र्याकडे उठावशिल्पासारखा बघायचा. पत्रा तो वेगवेगळ्या खोलीपर्यंत कोरायचा. मग कडक आणि मऊ रुळांनी, तेलाचं प्रमाण कमी-जास्त असलेल्या शाया त्यावर चढवायचा. पातळ शाई दाट शाईला दूर ठेवते, म्हणून एकाच पत्र्यावर अनेक रंग आपापल्या पातळीवर बसतात आणि एका दाबात कागदावर उतरतात. १९६३ चं ‘व्हर्लपूल’ समोरून पाहा: ते रंग ब्रशने लागलेच नसते.

सोमनाथ होरांच्या ‘वून्ड्स’ मालिकेत तर शाई जवळजवळ नाहीच. मातीच्या किंवा मेणाच्या पृष्ठभागावर घाव घालायचे, त्याचा सिमेंटचा साचा करायचा आणि साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि तिथल्या शेतकऱ्यांचं तेभागा आंदोलन ज्याने जवळून रेखाटलं, त्याने सगळी माणसं काढून टाकून फक्त घाव ठेवले. स्क्रीनवर हे चित्र कोऱ्या कागदासारखं दिसतं. बाजूने उजेड पडला की अंगावर येतं.

अलीगढला जन्मलेल्या झरीना हाश्मींचं ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) म्हणजे छत्तीस काष्ठछापांचा संच. प्रत्येकात एक उर्दू शब्द आणि घराच्या आठवणीतली एक आकृती. २००१ च्या ‘डिव्हायडिंग लाइन’ मध्ये फाळणीची रेषा आहे. रेषा राहावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड त्यांनी कोरून काढलं. एका रेषेपायी केवढा मुलूख पोखरला गेला, ते लाकूडच सांगतं. कॅनव्हासवर काळा ब्रश ओढून हे साधलं नसतं.

मुंबईकरांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: चित्तप्रसाद. अंधेरीत हलाखीत राहून त्यांनी लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेले छाप, केले. कष्टकरी मुलांवरचे त्यांचे लिनोकट पाहताना कोरणीचा प्रत्येक फटका मोजता येतो. मोठ्या नावाचं सेरिग्राफ आणि चित्तप्रसादांचा लहानसा लिनोकट यांत निवड करायची झाली तर मी एक क्षणही थांबणार नाही.

३. सही शेवटी पाहा.

पिकासोची ‘व्होलार सूट’ ही शंभर चित्रांची मालिका १९३० ते १९३७ या काळात कोरली गेली. आंब्रोआझ व्होलार या प्रकाशकासाठी ती छापली गेली, पण १९३९ मध्ये तो मोटार अपघातात गेला आणि गठ्ठे बिनसहीचे राहिले. ते पुढे आंरी पेतिए या व्यापाऱ्याने घेतले. त्यांतल्या बऱ्याच कागदांवर पिकासोने सह्या केल्या, त्या कित्येक वर्षांनी. म्हणजे एकाच पत्र्यावरून, एकाच काळात निघालेल्या दोन प्रतींपैकी सहीच्या प्रतीला भाव जास्त, आणि चित्र मात्र तेच. मला परवडणारं असतं तर मी बिनसहीची, पण स्वच्छ आणि पूर्ण समास असलेली प्रत निवडली असती. कागद उजेडात धरला की ‘व्होलार’ किंवा ‘पिकासो’ हा वॉटरमार्क दिसतो. मला तो पेन्सिलीच्या सहीइतकाच बोलका वाटतो.

उलट उदाहरण दालीचं. त्याने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. १९७४ मध्ये अँडोराच्या सीमेवर फ्रेंच अधिकाऱ्यांनी अडवलेल्या गाडीत दालीच्या सहीचे सुमारे ४०,००० कोरे कागद होते. सही खरी आणि चित्र भलत्याचंच, असं होऊ शकतं.

४. अपूर्णांकाला भुलू नका.

खाली डाव्या कोपऱ्यात ७/५० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पन्नास प्रतींपैकी सातवी नोंद, इतकाच. छापून वाळलेल्या कागदांवर आकडे नंतर घातले जातात, त्यामुळे पहिली छापलेली प्रत १/५० असेलच असं नाही. ‘ए.पी.’ म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. क्रम खरोखर महत्त्वाचा ठरतो तो ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे आम्लाविना सुईने थेट पत्र्यावर कोरलेल्या चित्रात. तिथे सुईने उचललेली धातूची कड शाई धरून ठेवते, म्हणून रेघ मखमली दिसते. थोड्याच प्रतींनंतर ती कड झिजते. पत्र्यावर पोलादाचा मुलामा दिला तर ती जास्त टिकते. आकडा काहीही असो, समोरच्या प्रतीतली रेघ ताजी आहे की थकलेली, ते बघा.

५. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा.

रविवर्मा छापखान्याची ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली रंगीत चित्रं, लिलावात नेहमी येतात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. भिंगातून पाहिलं तर कारागिराने हाताने टाकलेले अनियमित ठिपके दिसतात. अलीकडच्या ऑफसेट पुनर्मुद्रणात मात्र चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात. काही जुन्या प्रतींवर घरातल्या बायकांनी जरी, टिकल्या आणि कापड लावलेलं असतं. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण मला त्या प्रती फार प्रिय आहेत, कारण देवघरातलं आयुष्य त्यांच्यावर उमटलेलं आहे. नियमित ठिपके दिसले म्हणजे चित्र बनावटच, असंही नाही. वॉरहॉलने वर्तमानपत्री फोटोचे ठिपके मुद्दाम वापरले. भिंगाने तंत्र कळतं. कॅटलॉगात लिहिलेलं तंत्र आणि डोळ्यांना दिसलेलं तंत्र जुळतं का, एवढंच ताडून पाहायचं.

६. कागद फ्रेमबाहेर काढून दाखवा, असं सांगा.

मागायला लाजू नका. लिलावगृहं सहसा दाखवतात, शिवाय चित्राच्या स्थितीचा लेखी अहवालही देतात. मुंबई-कोकणातल्या हवेत तपकिरी डाग, बुरशी आणि कसर हे तीन शत्रू. माउंटबोर्ड आम्लयुक्त असेल तर चित्राभोवती तपकिरी चौकट उमटते. जुन्या काळी फ्रेमवाले कागद फ्रेममध्ये बसवायला समास कापत, मागे चिकटपट्टी लावत. समास कापलेली प्रत मी घेत नाही. घरी आणलेली प्रत पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नका. चित्राला काचेचा स्पर्शही होता कामा नये.

७. हातोडा पडतो ती शेवटची किंमत नव्हे.

तिच्यावर लिलावगृहाचं कमिशन (अनेक ठिकाणी २० टक्के किंवा अधिक), वर कर, वर वाहतूक. आपली मर्यादा घरीच कागदावर लिहून न्या आणि बोली तिथे थांबवा. प्रिंटच्या बाबतीत हे सोपं जातं, कारण त्याच आवृत्तीची दुसरी प्रत पुढेमागे येण्याची शक्यता असते.

८. विकत घ्यायचं नसलं तरी जा.

लिलावाआधीची प्रदर्शनं बहुतेक ठिकाणी विनामूल्य आणि सर्वांना खुली असतात. संग्रहालयात काचेआड राहणारं काम इथे हातभर अंतरावर दिसतं, आणि लिलाव झाला की ते कुणाच्या तरी घरात जातं, पुढची कित्येक वर्षं दिसत नाही. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी, शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी, चित्रं आवडणाऱ्या कुणीही ही संधी सोडू नये. भिंग खिशात टाका आणि संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत, दुपारीच जा.