जिंजाला निघालीस, तर हे ऐकून जा

अगं, जावईबापूंचा युगांडाच्या साखर कारखान्याशी करार झाला हे कळलं आणि खरंच बरं वाटलं. आपल्या पट्ट्याला हे नवं नाही. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, प्रवरानगर इथले केमिस्ट, पॅनमन, फिटर कधीपासून पूर्व आफ्रिकेत जातात. तिकडचा साखरधंदाही मुळात आपल्या देशातून गेलेल्यांनीच उभारला. लुगाझीचा कारखाना नानजी कालिदास मेहतांनी 1924 मध्ये सुरू केला, जिंजाजवळचा काकिराचा मुळजीभाई माधवानींनी 1930 मध्ये.

घरात मात्र सगळे तुला सापांची आणि चोरांची भीती घालतायत, आणि आई कुरडया-पापडांचे डबे भरतेय. मी तिकडच्या कॉलनीत संसार केलाय, म्हणून हक्काने सांगते. तुला खरं जपायचंय ते तापापासून.

हिवताप आपल्याला ठाऊक आहे, असं आपल्याला वाटतं. लहानपणी थंडी वाजून ताप भरायचा, आई गोधड्या टाकायची, आठवड्यात माणूस उठून कामाला लागायचा. तिथला हिवताप तसा नाही. तो बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत जातो, तोही दोन-चार दिवसांत. लहानपणी हिवताप होऊन गेला म्हणून तुझं अंग त्याला सरावलेलं आहे, असं अजिबात समजू नकोस. आपल्याकडे सध्या डेंग्यूची धास्ती. ताप आला की प्लेटलेट मोजायच्या, पपईच्या पानांचा रस प्यायचा आणि दोन दिवस क्रोसिनवर काढायचे. तिथे ते दोन दिवस काढायचे नाहीत. अंग कसकसलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं. जावईबापू रात्रपाळीला असले तरी, रविवार असला तरी, पाहुणे येणार असले तरी. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. औषधाचा कोर्स बहुधा तीन दिवसांचा असतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि बायका उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवून देतात. तू तसं करू नकोस. त्या गोळ्या दूध किंवा तुपा-तेलाच्या घासाबरोबर घे, नाहीतर नीट लागू पडत नाहीत.

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी बांध आणि गादीखाली नीट खोच. उकडतं म्हणून वर गुंडाळून ठेवलेल्या मच्छरदाण्या मी कितीतरी घरांत पाहिल्या. ताप येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोल. गावातल्या दुकानातून क्लोरोक्विन घेऊन निघू नकोस, तिथल्या हिवतापावर त्याचा उपयोग होत नाही. आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. गरोदरपणात हिवताप आई आणि बाळ दोघांनाही फार जड जातो, आणि काही गोळ्या त्या काळात चालत नाहीत.

रक्तगटाचंही त्यातच आलं. तुझा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर बाळंतपण कुठे करायचं हे आत्ताच ठरव. तिथे निगेटिव्ह रक्त सहजी मिळत नाही, आणि अँटी-डीचं इंजेक्शन लहान दवाखान्यात असेलच असं नाही.

आता पाण्याचं. आपण गोदावरीकाठच्या मुली. घाट दिसला की चपला काढून पाय पाण्यात सोडणं आपल्या हाडात आहे. जिंजाला व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते. 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता, त्यामुळे आपली माणसं तिथे आवर्जून जातात. तूही जा, हात जोड, पण पाण्यात उतरू नकोस. त्या सरोवरातल्या गोगलगायींमधून एक बारीक जंतू पाण्यात सुटतो आणि धड कातडीतून अंगात शिरतो. बिलहार्झिया म्हणतात त्याला. आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, त्यामुळे इकडच्या डॉक्टरांच्या चटकन ध्यानात येत नाही. महिनोन्महिने काही जाणवत नाही, आणि आत यकृत आणि आतडी बिघडत जातात. कधी पाण्यात उतरणं झालंच, तर तीन महिन्यांनी तपासणी करून घे. प्राझिक्वान्टेल नावाचं औषध आहे, त्याने बरं होतं.

रस्त्यावर बोडा-बोडा म्हणून भाड्याच्या मोटारसायकली धावतात. स्वस्त आणि दारात मिळतात, पण त्यावर बसू नकोस. बसावंच लागलं तर हेल्मेटशिवाय नाही. आणि जिंजा ते कंपाला हा रस्ता अंधार पडल्यावर धरायचा नाही. अवजड ट्रक आणि बिनदिव्याची वाहनं, रात्री तिथे काय होतं ते मी पाहिलंय. मंगळसूत्र बाजारात पदराआड ठेव, एवढं चोरांबद्दल पुरे.

करारात जावईबापू पगार आणि क्वार्टर बघतील. तू एक गोष्ट विचारायला लाव: गंभीर आजारात कंपालाला किंवा नैरोबीला हलवायचा खर्च कोण करणार? ते लेखी हवं. नैरोबीहून आम्रेफ या संस्थेचे उडते डॉक्टर 1957 पासून पूर्व आफ्रिकेत विमानाने रुग्ण हलवतात, पण विमा नसेल तर तो खर्च झेपणारा नसतो. पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, कंपनीच्या तिजोरीत नको. कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयात पोचल्या पोचल्या नाव नोंदव. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावलं होतं. तो काळ आता नाही. पण 2023 मध्ये सुदानमधून भारत सरकारला ऑपरेशन कावेरी करून हजारो लोक आणावे लागले. अशा वेळी नोंद असलेल्या माणसापर्यंत लवकर पोचता येतं.

इबोलाच्या बातमीने आई घाबरेल. 2022 च्या सप्टेंबरात तिथे साथ आली, 2023 च्या जानेवारीत संपली, 2025 मध्ये पुन्हा आली. तो रोग आजारी माणसाच्या रक्त-घाम-उलटीच्या स्पर्शातून पसरतो. साथीच्या दिवसांत कुणाच्या आजारपणाला किंवा मयताला जाऊ नकोस, आणि आईला रोज फोन कर.

फोनवर ‘सगळं छान आहे’ एवढंच सांगायची आपल्याला सवय असते. दुपारभर क्वार्टरमध्ये एकटी बसशील, भाषा नवी, शेजार नवा. मन खचलं तर निदान मला खरं सांग. झोप उडाली, जेवण जाईना, रडू येत राहिलं, तर तेही आजारपणच समजून डॉक्टरांकडे जा.

आणि माहेरी आल्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं. पुणतांब्यात उतरल्यावर आठवड्याने, महिन्याने, कधी त्याहून उशिराही ताप येऊ शकतो. कोपरगावला नाहीतर शिर्डीला, ज्या डॉक्टरांकडे जाशील त्यांना पहिलं वाक्य हेच सांग की मी आफ्रिकेतून आले आहे, माझी हिवतापाची तपासणी करा. नाहीतर ते व्हायरल म्हणून गोळ्या देतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. मुलं झाली तर त्यांच्याही बाबतीत हेच कर. इथे बरेच महिने राहून परत जाशील तेव्हा हिवतापाविरुद्ध आधी आलेली थोडीफार ताकदही ओसरलेली असते, म्हणून मच्छरदाणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आता उद्याचं काम. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, आणि ते पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतताना विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवू शकतात. ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून गरोदरपणाची शंका असेल तर आधी तपासून घे. उद्या सकाळीच फोन करून केंद्राची तारीख घे, तिकीट त्यानंतर काढू.